झुरळांची हजेरी: जेल लावलं, आकडे उतरले, पुन्हा चढले. नापास कोण, जेल की मी?

सुगरणनव्हे | १३ जुलै, रात्री १०:५२

मंडळी, प्रश्न किळसवाणा आहे. जेवत असाल तर नंतर वाचा.

डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, वन बीएचके, तिशी उलटलेली इमारत. मी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. घरात मी, नवरा, सासूबाई आणि झुरळं. झुरळं बारक्या जातीची: फिकट तपकिरी, बोटाच्या पेराहून लहान, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा. मोरीतून येणारं मोठं तांबडं झुरळ महिन्यातून एखादं दिसतं, त्याचा निकाल चपलेने लागतो. छळ आहे तो या बारक्यांचा. पोळ्यांचा डबा उघडला की झाकणाच्या खाचेतून एक सुळकन पळणार. मिक्सर लावला की खालून दोन.

गेल्या वर्षी एका कंपनीला (नाव घेत नाही) वर्षाचं कंत्राट दिलं होतं. माणूस तीनदा आला, फवारलं, आम्ही दोन-दोन तास गॅलरीत बसलो. आठवडाभर शांतता, मग पहिले पाढे पंचावन्न. दर वेळी तो विचारायचा, "मॅडम, फरक पडला ना?" आणि मी म्हणायचे, "हो, थोडा." थोडा म्हणजे किती, हे ना त्याला ठाऊक ना मला. वर्गात कुणी उत्तरात 'थोडे' लिहिलं असतं तर भोपळा दिला असता.

म्हणून यंदा स्वतः जेल आणलं (सिरिंजमधलं विषारी आमिष, वेष्टनावर औषधाचं नाव इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के) आणि ठरवलं, मोजायचं. जॅमच्या सारख्या चार बरण्या घेतल्या. बाहेरून खडबडीत कागद चिकटवला म्हणजे त्यांना चढता यावं, आतून वरच्या दोन बोटं पट्ट्यात व्हॅसलीन म्हणजे बाहेर पडता येऊ नये. आत बिअरमध्ये भिजवलेला पावाचा तुकडा. (बिअरवरून घरात झालेला संवाद इथे देत नाही. नवऱ्याने अर्धा कॅन "विज्ञानासाठी" दिला, उरलेल्या अर्ध्याचा हिशेब विचारू नये म्हणाला.) बरण्या रात्री अकराला ठेवायच्या, सकाळी सहाला मोजायच्या, साबणाच्या पाण्यात विल्हेवाट. आकडे शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकात.

जागा चार: सिंकखाली, फ्रिजमागे, गॅसच्या बाजूची ट्रॉली, बाथरूमचं दार. याच क्रमाने आकडे:

जेलच्या आधी, ३० मे: १९, ३१, २२, २. एकूण ७४
३१ मे: १७, २८, २०, १. एकूण ६६
(१ जूनला जेल लावलं)
८ जून: ९, ६, ६, २. एकूण २३
१५ जून: ८, २, ४, १. एकूण १५
२९ जून: १४, ३, ७, २. एकूण २६
१३ जुलै, म्हणजे आज: २१, ३, ९, १. एकूण ३४

आधीची सरासरी ७०. दोन आठवड्यांत १५ वर आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटायच्या बेतात होते. आता ३४. निम्मी परत आली. नवरा म्हणतो, पैसे पाण्यात. सासूबाई म्हणतात, "मोजत काय बसतेस, मार." मोबाइलवर वाचलं की झुरळांना औषधांची सवय होते. सहा आठवड्यांत सवय? जेल बदलू, पुन्हा हेच लावू, की नाद सोडू?

---

कोल्हापुरी_ठसका | १३ जुलै, रात्री ११:२०

वहिनी, तुमच्याकडं झुरळांना बिअर आन् पाव, आमच्याकडं पाव्हण्यांना बिनसाखरेचा चहा. निम्मी परत आली त्यात नवल काय? सोबत चकणा ठेवला असता तर सगळीच आली असती.

धागा वाचनखुणेत. गंभीर लोकांची वाट बघतोय.

---

रात्रपाळी | १४ जुलै, पहाटे १:१५

ताई, मी या लाइनीत बावीस वर्षं काढली. मुंबईतली हॉटेलं, बेकऱ्या, रेल्वेच्या कँटीन. आता गुडघ्यांमुळे बंद केलं. आधी एक सांगतो: बरण्या लावून मोजणारं गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत एक भेटलं नाही. सगळे मेलेली मोजतात. सकाळी ओट्यावर पाच उताणी दिसली की खूश. मेलेल्यांवरून काही कळत नाही. जेल खाल्लेलं झुरळ बहुतेक फटीत जाऊन मरतं, तुम्हाला दिसतच नाही. जिवंत किती उरली तेच मोजायचं, आणि तुम्ही तेच केलंत.

आता माझे प्रश्न.

ठिपके केवढे घातले? मुगाएवढा ठिपका हवा, आणि पुष्कळ हवेत. लोक टूथपेस्टसारखी रेघ ओढतात. रेघेच्या दोन टोकांशी दोन झुरळं जेवतात, बाकीची उपाशी. बारकं झुरळ लांब फिरत नाही, चार-पाच फुटांत सगळा संसार. ठिपका त्याच्या दारात पाहिजे: ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या दाराच्या रबरात, कंप्रेसरच्या बाजूच्या पत्र्यावर (गरम भागावर नको, सुकतं), सिंकच्या खालच्या कडेला. जागा कशी ओळखायची? मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसतील. ती त्यांची विष्ठा. मिरपूड असेल तिथे ठिपका.

दुसरं. २९ जूनला बरणीत आली ती मोठी होती की तांदळाच्या कणीएवढी?

तिसरं. मागाहून त्या जागी कुणी काही मारलं का? फवारा, फिनाइल, काहीही. नीट आठवून सांगा.

---

सुगरणनव्हे | १४ जुलै, सायंकाळी ७:०५

रात्रपाळी काका, धन्यवाद. ठिपके मुगाएवढेच, एकूण ४२ (हो, मोजले). २९ जूनला बहुतेक सगळी कणीएवढी, काळपट. काल सिंकखालच्या २१ मध्ये मोठी १२.

मागाहून काही मारलं नाही. फवारा तर घरातच नाही.

आणखी एक लिहायचं राहिलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडेही मी दोन बरण्या ठेवत होते, त्याच रात्री. त्यांच्याकडे जेल लावलेलं नाही. मुलांना प्रयोग शिकवताना सांगतो ना, एका रोपाला खत घाला, एकाला नको, तसं. त्यांचे आकडे (दोन बरण्या मिळून): आधीची सरासरी २४, मग २२, २५, ३०, ३६. त्यांना वाटतं मी त्यांची झुरळं पकडून नेते म्हणून फार चांगली मुलगी आहे.

---

षट्पद | १४ जुलै, रात्री ९:४०

ताई, हे तुम्ही 'राहिलं' म्हणून शेवटी लिहिलंत, पण धाग्यातली सगळ्यात मोलाची ओळ हीच आहे.

ओळख: कीटकशास्त्रात एम.एस्सी., सध्या अकोल्याकडे, काम कपाशीच्या बोंडअळीवर. झुरळं माझी नव्हेत, पण औषध चाललं का हे तपासायची रीत शेतात आणि स्वयंपाकघरात एकच.

काकूंकडे काही न करता २४ ची ३६ झाली, म्हणजे दीडपट. पावसाळ्याची दमट हवा, बंद खिडक्या, कारण काहीही असो, इमारतीतली झुरळं या दीड महिन्यात वाढती होती. जेल लावलं नसतं तर तुमचीही ७० ची १०५ च्या आसपास झाली असती असं धरायला हरकत नाही. तुमच्याकडे आहेत ३४. तेव्हा तुलना ७० शी करायची नाही, १०५ शी करायची. घट ५१ टक्के नव्हे, ६८ टक्के. या हिशेबाचं सूत्र हेंडरसन आणि टिल्टन यांनी १९५५ साली मांडलं, तेही गव्हावरच्या तपकिरी कोळ्यांसाठी. आम्ही आजही बोंडअळीला तेच लावतो.

मात्र एकूण बेरजेत तुमची खरी गोष्ट दडते आहे. जागा वेगळ्या करून बघा. फ्रिजमागे सरासरी साडेएकोणतीस होती, आता ३. काकूंची वाढ धरली तर घट ९३ टक्के. हे फार चांगलं आहे. सिंकखाली १८ होती, आता २१. तीच वाढ धरून घट जेमतेम २२ टक्के. एकाच सिरिंजमधलं, एकाच दिवशी लावलेलं जेल फ्रिजमागे पहिल्या वर्गात पास आणि सिंकखाली नापास? झुरळांना औषधाची सवय झाली असती तर ती दोन्हीकडे दिसली असती. दोन्ही जागांमध्ये फार तर आठ फूट अंतर असेल.

दुसरं, कणीएवढी पिल्लं. या जातीची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला घेऊन फिरते, पिल्लं निघायच्या सुमाराला टाकते. एका डबीत ३० ते ४० अंडी. डबी वाहणारी मादी कमी खाते, आडोशाला बसते, त्यामुळे जेलच्या पहिल्या जेवणावळीला तीच गैरहजर असते. डबी भरायला साधारण महिना. २९ जूनची कणी म्हणजे बहुधा या गैरहजर मंडळींची संतती. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेलचा दुसरा हात द्यावा लागतो. तुम्ही दिला नाहीत, मोजत राहिलात. शिक्षिकेचा स्वभाव.

या पिल्लांबाबत एक किळसवाणी पण उपयोगी गोष्ट. लहान पिल्लं सुरुवातीला मोठ्यांची विष्ठा खाऊन जगतात. मोठ्याने जेल खाल्लं की त्याच्या विष्ठेत औषध उतरतं आणि फटीतून बाहेर न पडलेलं पिल्लूही मरतं. हायड्रामिथिलनॉन नावाच्या औषधावर हे १९९१ मध्ये दाखवलं गेलं. पुढे इंडोक्साकार्बवर पर्ड्यू विद्यापीठात २००८ मध्ये असं दिसलं की मेलेल्याला खाणारंही मरतं, आणि त्याला खाणारंही. जेल हळू मारतं ही त्याची खोट नाही. जागच्या जागी मारलं असतं तर विष घरट्यापर्यंत नेणार कोण?

---

किरण_रॅले | १४ जुलै, रात्री ११:५८

इकडे नॉर्थ कॅरोलायनात अपार्टमेंटमध्ये आम्हीही हेच भोगलंय, तेव्हा राहवत नाही म्हणून लिहितो. इथे दुकानात धुराचे डबे मिळतात. बटण दाबायचं, दार लावून निघून जायचं. आम्ही दोनदा केलं. परत आलो तर फरशी चिकट आणि झुरळं जागेवर.

नंतर कळलं की आमच्याच रॅले गावात विद्यापीठातल्या लोकांनी ३० घरांत हे तपासलं होतं, २०१९ मध्ये छापून आलं. २० घरांत धुराचे डबे, १० घरांत जेल. डब्यांच्या घरांत महिन्यानंतरही झुरळं कमी झाली नाहीत, पण ओट्यावर-फरशीवर औषध मात्र बसलं. जेलच्या घरांत कमी झाली. ताई, जेल सोडू नका.

---

पुणेरी_चष्मा | १५ जुलै, सकाळी ८:३०

सरसकट "जेलला सवय लागत नाही" असा अर्थ कुणी काढू नये म्हणून दोन ओळी. फ्लोरिडातल्या झुरळांनी विषारी आमिष खाणंच सोडलं होतं. ज्युल्स सिल्व्हरमन यांनी ते शोधून काढलं, १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. औषध बिघडलं नव्हतं, आमिषात ग्लुकोज होतं आणि त्या झुरळांना ग्लुकोज नकोसं झालं होतं. पुढे २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये कारण आलं: या झुरळांच्या तोंडाजवळच्या ज्या पेशींना कडू चव कळते त्याच ग्लुकोजने चाळवतात. साखर त्यांना कारल्यासारखी लागते. म्हणजे खाल्लं आणि पचवलं हे वेगळं, तोंडच लावलं नाही हे वेगळं.

अवांतर: ज्याला सगळे 'जर्मन झुरळ' म्हणतात ते जर्मन नाहीच. लिनियसने १७६७ मध्ये नाव दिलं आणि बिचारे जर्मन कायमचे बदनाम. २०२४ च्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये रानटी जातीपासून वेगळं झालं. तेव्हा डोंबिवलीत ते पाहुणे नाहीत, भूमिपुत्र आहेत.

---

षट्पद | १५ जुलै, दुपारी १:१०

चष्मा यांचा मुद्दा रास्त आहे. सवयीबद्दल आणखी एक: पर्ड्यूच्याच लोकांचं काम २०१९ मध्ये आलं. ज्या इमारतीत सुरुवातीलाच औषध पचवणारी झुरळं अगदी कमी होती तिथे एकट्या जेलने त्यांचा जवळपास नायनाट झाला. जिथे ती जास्त होती तिथे तेच जेल लावूनही संख्या वाढली. म्हणजे आपली झुरळं कुठल्या गटातली हे आधी कळलेलं बरं.

ताई, ते तुम्हाला घरीच कळू शकतं. सिंकखालच्या बरणीतली २० मोठी झुरळं जिवंत ठेवा. दहा-दहाची दोन घरं करा, तोंडाला मलमलचं फडकं. प्रत्येकात लपायला दुमडलेला पुठ्ठा, बाटलीच्या बुचात भिजवलेला कापूस, बिस्किटाचा तुकडा. एक दिवस रुळू द्या. मग एकात मुगाएवढं जेल, पुठ्ठ्याच्या कपटीवर. दुसऱ्यात नाही. बिस्कीट दोन्हीकडे राहू द्या, कारण तुमच्या स्वयंपाकघरातही जेलशिवाय खायला काहीतरी असतंच. पाच दिवस रोज मोजा.

जेलला तोंड लावलं नाही, तर चष्मा यांचं कारलं. खाल्लं आणि जगली, तर सवय. खाल्लं आणि मेली, तर जेल आणि झुरळं दोन्ही ठीक, आणि दोष सिंकखालच्या जागेत.

---

रात्रपाळी | १५ जुलै, दुपारी २:००

हातमोजे घाला आणि हे गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नको. आणि ताई, सिंकखाली टॉर्च घेऊन स्वतः आडवं पडून बघा. वाकून नाही, आडवं.

---

सुगरणनव्हे | २२ जुलै, रात्री ९:१५

बाकीच्यांनी दिवे घ्या, मी आडवी पडले.

आधी गॅलरीतला निकाल. जेलच्या बरणीत पहिल्या दिवसअखेर ४ उताणी, पाय हलवत. दुसऱ्या दिवशी ८. चौथ्या दिवशी दहाच्या दहा. बिनजेलच्या बरणीत पाचव्या दिवशी एक मेलं, बाकी ९ ठणठणीत, बिस्कीट साफ. जेल ठेवल्यावर मी तिथेच स्टूल टाकून बसले होते. तासाभरात तिघं ठिपक्याला तोंड लावून होती, मिशा सारख्या हलवत. पाळीच्या रिक्षासारखं चौथं मागे थांबलं होतं, खोटं नाही सांगत. तेव्हा सवय नाही, कारलंही नाही.

आता सिंक. संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्यावर टॉर्च घेऊन पालथी झाले. सिंकच्या खालच्या कडेला जेलचे सहा ठिपके मी लावले होते. सहाही जागच्या जागी, सुकून चॉकलेटच्या तुकड्यासारखे कडक, वरून धूळ. आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पांढऱ्या रेघेचा चौकोन. बारीक, सरळ, कोपरे जुळलेले. रांगोळीत ठिपक्याभोवती घर काढावं तसा. पाइप भिंतीत जातो त्या भोकाभोवती तसाच एक गोल.

झुरळाचा खडू.

सासूबाई आल्यावर विचारलं. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू ते विष उघडं टाकलंस, ते इकडे-तिकडे येऊ नये म्हणून मी दर शनिवारी रेघ मारते. तुझी बरणी ठेवायच्या आधी. तूच म्हणालीस ना, फवारा मारायचा नाही? खडू कुठे फवारा आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरंच 'फवारा' म्हणाले होते.

---

रात्रपाळी | २२ जुलै, रात्री १०:३०

म्हणून तर विचारलं होतं, "काहीही". बायका (आणि पुरुषही) फवारा म्हटलं की डबाच डोळ्यांपुढे आणतात. खडू, अगरबत्तीसारखी कॉइल, डांबरगोळ्या, यातलं काही मोजतच नाहीत. एका बेकरीत मालक रोज रात्री भट्टीमागे रॉकेलचा बोळा फिरवायचा, आणि आम्ही महिनाभर तिथे जेल लावत होतो.

खडूतलं औषध डेल्टामेथ्रिनच्या जातीचं. त्यावरून झुरळ गेलं तर मरेल, पण बहुतेक वेळा पायाला चुरचुरलं की मागे फिरतं. तुमच्या सासूबाईंनी जेवणाच्या ताटाभोवती काटेरी कुंपण घातलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कुंपण मात्र पक्कं होतं.

आता असं करा. तो भाग साबणाच्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा, फिनाइल लावू नका, कोरडं होऊ द्या. जुने ठिपके खरवडून काढा. नवे ठिपके आधीच्या जागेपासून बोटभर लांब. पाइपाच्या भोकात पांढरं सिमेंट किंवा एम-सील भरा. तो पाइप उभ्या डक्टमध्ये जातो, डक्ट काकूंकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून तळमजल्यावर. तुम्ही कितीही मारा, वरून नवी भाडेकरू येत राहणार. आणि तीन आठवड्यांनी दुसरा हात, या वेळी विसरू नका.

---

कोल्हापुरी_ठसका | २२ जुलै, रात्री १०:४५

दंडवत घ्या वहिनी, आन् सासूबाईंना दोन. कोपरे जुळलेले चौकोन म्हणताय, म्हंजे गणित तुमच्या घरात सासरकडूनच आलंय.

---

षट्पद | २३ जुलै, सकाळी ७:२०

रात्रपाळी काकांच्या म्हणण्यात एकच भर. दुसऱ्या हाताला औषध बदला, फिप्रोनिल ०.०५ टक्के असलेलं जेल आपल्याकडे मिळतं. या दोघांचं काम मज्जातंतूंवर वेगवेगळ्या ठिकाणी चालतं. आज सवय नाही म्हणून पुढच्या वर्षी नसेलच असं नाही.

आणि भोक बुजवणं आणि जेल बदलणं एकाच दिवशी केलंत तर कशाने फरक पडला हे कळणार नाही. पण तुम्हाला घर चालवायचंय, प्रबंध लिहायचा नाही. दोन्ही करा.

---

सुगरणनव्हे | १० ऑगस्ट, दुपारी ४:४०

उशिरा लिहितेय. मध्ये आजारपण आणि चाचणी परीक्षेचे पेपर.

२३ जुलैला पुसलं, भोक बुजवलं (एम-सील हाताला दोन दिवस चिकटून होतं, फळ्यावर खडू धरताना मुलं विचारत होती), त्याच दिवशी सिंकखाली तेच जुनं जेल नव्याने. षट्पद रागावतील, पण फिप्रोनिलवालं मिळायला आठवडा लागला. ते मग २ ऑगस्टला सगळीकडे लावलं.

आजची हजेरी: सिंक ४, फ्रिज २, ट्रॉली ५, बाथरूम १. एकूण १२. काकूंकडे ३३. सूत्राने घट साडेसत्याऐंशी टक्के. सिंकखालची चारही कणीएवढी. ट्रॉलीतली पाच का राहिलीत ते कळत नाही, तिथे खडू नाही, मी आडवी पडून पाहिलं. बहुतेक गॅसच्या शेगडीखालून येत असावीत, तिथे उष्णतेने ठिपके सुकतात, काकांनी सांगितलंच होतं. या आठवड्यात शेगडी उचलून बघते.

सासूबाई आता बरण्या मोजायला शेजारी उभ्या राहतात. आज फ्रिजची बरणी माझ्याआधी त्यांनी मोजली. तीन म्हणाल्या, मी दोन. तिसरा चहाच्या पावडरीचा कण होता.

अडचण वेगळीच झाली आहे. सकाळी वरच्या काकूंनी बरण्या परत देताना विचारलं, "काय गं, तुमच्याकडे बारा आणि आमच्याकडे तेहतीस? तुझं ते औषध आमच्याकडे का नाही लावत?" दोन महिने मी त्यांच्या स्वयंपाकघरात नुसती मोजायला जात होते आणि त्यांना वाटत होतं उपचार चाललाय. मुलांना शिकवताना रोपाला कुणी विचारत नाही, तुला खत का नाही. मला चांगलीच शरम वाटली.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेल लावून येणार. म्हणजे आता तुलनेला कुणी उरलं नाही. तळमजल्यावरच्या आजी आहेत, पण या वेळी आधीच सगळं सांगून विचारेन, आणि त्या माळकरी आहेत. बिअरऐवजी काय चालेल, कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

रात्रपाळी | १० ऑगस्ट, रात्री ११:३५

शेंगदाण्याचं कूट आणि थोडा गूळ, पावाला चोळून. वास जरा कमी पडेल, बिअरएवढी येणार नाहीत. पण दर खेपेला तेच ठेवा, आणि तुमच्याकडेही तेच, नाहीतर आकडे जुळायचे नाहीत.